बिनबियाचं केळ

"केळ बघ, दिपमाला. मुठीत बसतं, साल झटक्यात निघते, आत एक बी नाही! हाई बठ्ठं आपोआप व्हयनं का? देवनी कारागिरी शे!"

चोपड्याचे केळीवाले चुडामण नाना सुनेसमोर उद्याच्या भाषणाची तालीम करत होते. शाळेच्या विज्ञान दिनाला ते प्रमुख पाहुणे होते. त्यासाठी कवळीसुद्धा नवी बसवून घेतली होती.

त्याच शाळेत जीवशास्त्र शिकवणारी दिपमाला म्हणाली, "नाना, मूळचं केळ बियांनीच भरलेलं असायचं. बिनबियाची झाडं माणसांनी निवडून निवडून वाढवली. मुलांना दाखवायला सातपुड्यातून रानकेळ आणलंय, हे बघा. पण जपून..."

"देवाच्या केळाला काय जपायचं, पोरी?" असं म्हणत नानांनी ते सोललं आणि मोठ्ठा घास घेतला.

कट्ट असा आवाज झाला. नानांच्या तोंडातून आधी खड्याएवढं काळं बी बाहेर आलं आणि त्याच्यामागून अर्धी कवळी.


दुसऱ्या दिवशी केळ्यावरचं भाषण दिपमालाने केलं. प्रमुख पाहुणे पहिल्या रांगेत तोंड मिटून बसले होते.