आळ

"राजदीप, दार उघड! नाही तं तोडून आत येतो आम्ही."

बाहेर दारूबंदी मंडळाच्या इंदुताई होत्या आणि त्यांच्यामागे गावातल्या बाया. त्या वर्षी कापूस मातीमोल झाला होता, आणि निम्मे पुरुष शेतापेक्षा गुत्त्यावरच जास्त सापडायचे. जो घरी येऊन बायकोला मारी, त्याच्या दारात जाऊन चारचौघांत त्याची अब्रू काढायची, ही मंडळाची रीत. राजदीप स्वतः मंडळाचा माणूस. विहारात तो यावर तावातावानं भाषणं द्यायचा. त्यानं दारू कधी चाखली नव्हती, की बायकोवर हात उगारला नव्हता.

आज बाया त्याच्याच दारात आल्या होत्या.

कारण झालं त्याच्या बायकोचा, साधनाचा चेहरा. तिला आठवा महिना. हल्ली सकाळी उठली की डोळे आणि गाल असे सुजलेले असत, की कुणी ठोसे लगावलेत असं वाटावं. हापशीवरच्या बायांनी एकमेकींकडे बघितलं. गावाला बोलायला तेवढं पुरे. राजदीपनं मग तिचं बाहेर जाणंच बंद केलं. पाणी तो भरी, सरपण तो आणी. तिचं डोकं ठणकायचं, डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. तो उशाशी बसून बाम चोळायचा. जीव होता त्याचा तिच्यावर. पण बोलणारे म्हणू लागले, बघा, कशी लपवून ठेवली आहे!

त्यानं दार उघडलं. इंदुताईंनी सरळ त्याची गचांडी धरली.

"पोटुशा बाईवर हात उचलला? शरम नाही वाटली तुले?"

तो काही बोलणार, तोच आत काहीतरी धपकन पडलं. साधना जमिनीवर पडली होती, तिला झटके येत होते. तोंडाला फेस आला होता.

बायांनीच तिला उचलून गावातल्या एका जीपमध्ये घातलं आणि यवतमाळ गाठलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गरोदरपणात रक्तदाब असा चढतो, ती सूज त्याचीच. वेळीच दंडाला पट्टा बांधून पाहिलं असतं तर कळलं असतं. पोट चिरून मुलगी काढली, ओंजळीत मावेल एवढीशी. ती काचेच्या पेटीत होती. जगेल की नाही, कुणी छातीठोक सांगेना.

साधना शुद्धीवर आली. तिला अजून नीट दिसत नव्हतं. आवाजावरून तिनं इंदुताईंचा हात धरला.

"ताई, यायनं मले कधी मारलं नाही."

इंदुताईंना रडू फुटलं. भरल्या वॉर्डात त्यांनी राजदीपपुढे हात जोडले. "माफ कर बाबू. तुयावर खोटा आळ घेतला. गावात घरोघरी जाऊन मीच सांगीन."

राजदीपची मान वर होईना. शरमेनं त्याला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

"नका सांगू, ताई," तो म्हणाला. "दवाखान्यात न्या म्हणून रोज रडे ती. तिथं मले मारकुटा समजतील म्हणून मीच नेलं नाही."