काठावरचा डाग

दुर्बिणीच्या कारखान्यात आयपीस, म्हणजे डोळ्याला लावायची भिंगं, तपासणाऱ्या मावशींना प्रत्येक आयपीसच्या काठावर तोच पुसट डाग दिसायचा. त्या आयपीस नापास करायच्या.

"मावशी, एकदा डोळे तपासून घ्या," मालक म्हणायचे आणि आयपीस पास करून टाकायचे.

आजच्या आयपीसमधून काठापर्यंत सगळं लख्ख दिसत होतं. खिडकीबाहेर लांबच्या पाण्याच्या टाकीशेजारी तो डाग प्रथमच स्पष्ट दिसला. तो पाठमोरा माणूस होता.

मावशींनी नेहमीसारखा आयपीस गोल फिरवला. दोष आयपीसमध्ये असेल तर तो सोबत फिरतो. टाकी जागची हलली नाही. माणूस मात्र काठाकाठाने फिरला.

"वीस वर्षं ऐकून घेतलं. आता बघा, दोष आयपीसमध्येच आहे," मावशी ताठ मानेने म्हणाल्या.

मालकांनी डोळा लावला. "टाकी झकास दिसतेय. बाकी काही नाही."

मावशींनी हसून त्यांच्याकडे पाहिलं. माणूस मालकांच्या खांद्याशी उभा होता, आणि आता तो पाठमोरा नव्हता.