भुवईवरचा व्रण

हार हातात घेऊन प्रमिलाबाई चौरंगासमोर नुसत्याच उभ्या राहिल्या. आज ह्यांचं वर्षश्राद्ध, गुरुजी खोळंबलेले, आणि फोटोत ह्यांच्या डाव्या भुवईवर एक व्रण.

"निनाद, इकडे ये बघू."

मुलगा आला. त्याची हनुवटी धरून त्यांनी तोंड उजेडाकडे वळवलं. झोपाळ्यावरून पडला होता तेव्हाचा व्रण, डाव्याच भुवईवर.

"अरे, जित्या माणसाला हार घालायला लावतोस? तेही पोटच्या पोराला?"

निनादला काहीच कळेना. ज्याच्या दुकानात फोटो मोठा करून घेतला होता, त्या इरफानला त्याने फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"काकू, तुम्ही दिलेला फोटो पंगतीतला. त्यात काकांचा चेहरा ज्वारीच्या दाण्याएवढा," इरफान म्हणाला. "एवढा मोठा करायचा तर जे दिसत नाही ते मशीन भरतं, घरातल्यांचे चेहरे बघून. डोळे, भुवया निनादच्या. कपाळ तुमच्या दिरांचं. म्हणून तर कुठे पुसट नाही."

ह्यांना फोटोचा तिटकारा होता. कॅमेरा दिसला की उठून जायचे. प्रमिलाबाईंनी डोळे मिटून ह्यांचे डोळे आठवून पाहिले. निनादचेच समोर आले.

"मग इरफान, ह्यांचं असं काय राहिलं रे त्यात?"

पलीकडे इरफानने फोटो पुन्हा उघडून पाहिला.

"शर्ट त्यांचाच आहे, काकू."