मावची बोलीतला सिनेमा

नवापूरच्या डोंगरातल्या गावात जुना विनोदी सिनेमा लागला की सॅम्युअल पडद्याकडे पाठ करून हिंदी विनोद मावची बोलीत सांगायचा. लोक हसायचे ते त्याच्या बोलण्याला. उद्या सुरतेला त्याच्या गळ्याचं ऑपरेशन होतं. आवाज राहील की नाही, डॉक्टर सांगत नव्हते. म्हणून लेकीने दुपारीच गाव शाळेत जमवलं, खिडक्यांना घोंगड्या बांधून सिनेमा लावला आणि बापाचा आवाज भरून घ्यायला मोबाइल धरला. पडद्यावरचा नोकर मालकाला उलटून बोलला. सॅम्युअलने तोंड उघडलं. भीतीने शब्दच फुटेना. कोणीच हसलं नाही. लेकीने मोबाइल तसाच धरून ठेवला. तेवढ्यात मागून तिची आई उठली आणि तोच विनोद त्याच्याच शब्दांत, खोकल्यासकट बोलली. गाव खदाखदा हसलं. “तू बस, मी सांगते,” ती नवऱ्याला म्हणाली. चाळीस वर्षांत सॅम्युअल पहिल्यांदाच लोकांत बसला. मोबाइलमध्ये त्याचं नुसतं हसणं उतरलं.