भूतकाळ

कस्तुरीच्या वहीवर मी लाल पेन टेकवलं. शनिवारच्या वर्गात सहावीची मुलं भुताच्या गोष्टी लिहीत होती. माझी अट एकच होती: भूत मायाळू हवं आणि शेवटी ते परत यायलाच हवं.

तिच्या गोष्टीतलं भूत म्हणजे तिचा दादा. तो तिची वेणी ओढतो, डब्यातले पोहे पळवतो, सायकलमागे धावतो. गोष्ट गोड होती. क्रियापदं तेवढी चुकली होती. मी 'ओढतो' खोडून 'ओढायचा' लिहिलं, 'पळवतो'चं 'पळवायचा' केलं.

"मेलेल्या माणसाबद्दल असं लिहायचं, बाळा."

"भूत म्हटलं की भूतकाळच! एवढंही कळेना हिला," मागून ईशान ओरडला. वर्ग खिदळला. मीही हसले.

कस्तुरी हसली नाही. "पण बाई, दादा अजून मेला नाहीये. दवाखान्यात आहे. डॉक्टर आईला म्हणाले, आता आशा नाही. तुमच्या गोष्टीत भुतं परत येतात ना? म्हणून मी त्याला आधीच भूत करून ठेवलं."

मी घाईघाईने रबराने लाल शाई घासू लागले. कागद फाटला.

पुढच्या शनिवारी तिने नवी वही पुढे केली. सगळी गोष्ट सुवाच्य अक्षरात पुन्हा लिहिली होती.

"आता सगळी क्रियापदं बरोबर आहेत, बाई."

कुठेतरी एखादा 'ओढतो' राहिला असेल म्हणून मी वही तीनदा वाचली. एकही चूक नव्हती.