वावरातली भेग

सातवीतून एकच प्रयोग अमरावतीच्या विज्ञान प्रदर्शनात जाणार होता. श्रावणीने उठून आपला विषय सांगितला आणि आचलच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. काळ्या मातीतली भेग किती खोल जाते, ते म्हणे श्रावणी मोजणार! आणि भेग कोणाची? आचलच्या वावरातली! मागच्या रविवारी हुरडा खायला आली, भेगेत पाय अडकला आणि बाईसाहेबांना विषय सापडला.

"सोड थो विषय! माही भेग हाय थे!" आचल भर वर्गात ओरडली.

"मग तुला का नाही सुचलं गं?" श्रावणी हसली.

शाळा सुटल्याबरोबर आचल वावरात पोचली. तिने सुतळीला हात-हातभर अंतरावर गाठी मारल्या, टोकाला लोखंडी नट बांधला आणि भेगेत सोडला.

"कंबरभर जाईन, जास्त नाई," वावराच्या कडेला, धुऱ्यावर बसलेले बाबा म्हणाले.

चार गाठी गेल्या. दहा गेल्या. आचलचा आनंद पोटात मावेना. आता बसू दे श्रावणीला हात चोळत! विसावी, शेवटची गाठ बोटांत आली, तरी नट टेकला नव्हता.

ती सुतळी वर ओढू लागली, पण सुतळी येईना. नट अडकला असेल म्हणून तिने हिसका दिला.

खालून तसाच हिसका आला.

आचलने सुतळी मुठीला गच्च गुंडाळली. भेग श्रावणीला द्यायची नाही, तर दुसऱ्या कोणाला कशी देणार? ती भेगेवर वाकली.

"सोड," आतून तिचाच आवाज आला, सकाळी वर्गात होता तितकाच चिडलेला. "माही भेग हाय थे."