नारळ फुटल्यावर

शोरूमच्या दारात नारळ फुटला, नव्या स्कूटरच्या चाकाखाली लिंबू चिरडलं, आणि मगच सेल्समनने बिल पुढे केलं.

मेधाने ते वाचलं. ठरलेल्या किमतीखाली हँडलिंग चार्ज होता, न मागितलेलं सीट कव्हर होतं, चकाकीसाठी फासलेलं कसलंसं कोटिंग होतं.

"हे आधी का नाही सांगितलं?"

"सगळेच देतात, मॅडम," तो पेढ्यांचा बॉक्स उघडत म्हणाला. "आता पूजा झाली. पाडव्याचा मुहूर्त कशाला घालवता?"

त्याचं हसू तुपाळ होतं. पठ्ठ्या नारळ फुटायचीच वाट बघत होता. कुंकू लागलेली गाडी टाकून कुणी घरी जात नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्यात सोबत आलेल्या सासूबाई पंचांग पाहिल्याशिवाय दळणसुद्धा टाकत नसत. मेधाने पर्स उघडली.

सासूबाई पुढे झाल्या. त्यांनी स्कूटरचा हार काढून पिशवीत ठेवला. मग पूजेच्या तांब्यातल्या पाण्याने पदर भिजवून, स्वतःच रेखलेलं स्वस्तिक पुसून टाकलं.

"काकू, अपशकुन होतो हो," सेल्समन चाचरला.

"तो तू केलास. देवाला दलालीला बसवलंस," त्या म्हणाल्या. "बुकिंगचे पैसे परत काढ. मेधा, चल."

पलीकडच्या गाडीपाशी एक गृहस्थ नारळ उगारून उभे होते. त्यांनी हात खाली घेतला.

"आधी बिल आणा," ते म्हणाले.